सोळाचं पुढे बघू, आधी सतराचा अर्ज भरून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोळाव्या वर्षी मताधिकार द्यावा का, यावर चर्चा चालू आहे. ऑस्ट्रियाने तो २००७ मध्येच दिला. आपल्याकडे त्यासाठी घटनेचे कलम ३२६ बदलावे लागेल. एकविसाचे अठरा करायलाही ६१वी घटनादुरुस्ती लागली, ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली. आमचा या मागणीला विरोध नाही. पण मराठवाड्यात अठरा पूर्ण झालेली मुलेच यादीबाहेर राहतात, त्याचे आधी बघा.

सतरा पूर्ण झाले की नमुना ६, म्हणजे मतदार यादीत नवे नाव घालण्याचा अर्ज, आगाऊ भरता येतो. अकरावी-बारावीच्या वर्गात हे सांगतच कोणी नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या वय धरण्याच्या, म्हणजे अर्हता तारखा. यांपैकी ज्या तारखेला अठरा भरतात, त्या तिमाहीत अर्ज निकाली निघतो. जन्म २ ऑक्टोबरचा असेल तर थेट १ जानेवारी धरली जाते. एका दिवसाने तीन महिने जातात. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरते नवे नाव चढत नाही.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा जन्मतारखेवर. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक तारीख, आधारवर नुसते वर्ष माहीत होते म्हणून टाकलेली १ जानेवारी. आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज भरा. रहिवासाला आईवडिलांच्या नावचा सातबारा किंवा वीजबिल चालते.

सगळ्यात जास्त नुकसान ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचे होते. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. नंतर निवडणूक कर्मचारी पडताळणीला गेले की दाराला कुलूप, शेजारी म्हणतात, "कारखान्याला गेलेत." अर्जावर शेरा पडतो, 'राहत नाही'. हा शेरा कायद्याला धरून नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० चे कलम २० स्पष्ट सांगते, तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचा सर्वसाधारण रहिवास सुटत नाही. कुलूप दिसले म्हणून नाव कापू नये. शेजारी, पोलीस पाटील यांना विचारून 'ऊसतोडीस गेले, एप्रिलपर्यंत परत' असे लिहावे.

लातूरला शिकायला राहणाऱ्या मुलांनी नाव शक्यतो गावाकडेच ठेवावे. दोन्हीकडे नोंद हा गुन्ह्याचा विषय होतो, खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद आहे. पत्ता बदललाच तर नमुना ८ भरावा, नवा ६ नव्हे.

जिल्हा निवडणूक यंत्रणेला आमची विनंती आहे की नोंदणीची शिबिरे पोळ्याच्या आधी घ्यावीत. तेव्हा माणसे गावात असतात. मुकादमाकडे टोळीची नावे असतात, ती समोर ठेवून घरोघरची सतरा-अठराची मुले मोजावीत आणि अर्ज तिथेच भरून घ्यावेत.

— मतदार नोंदणीचे काम करणारे काही शिक्षक, बीड जिल्हा