पियानोचा पैसा पट्ट्यांवर घाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि तिकडे वाशी-नेरुळला कीबोर्ड क्लासचे फलक झळकू लागतात. पालकही पाच-सहा हजारांचा कीबोर्ड घेऊन मोकळे होतात. सिनेमातली गाणी वाजवायला तो पुरतो. पण पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकायचा असेल तर ते पैसे पाण्यात गेले म्हणून समजा. या कीबोर्डची पट्टी हलकेच दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच येतो. बाखच्या नावावर वर्षानुवर्षे खपलेला, पण मुळात पेत्झोल्ड या संगीतकाराचा जी मेजरमधला मिन्युएट (एक छोटी नृत्यधून) बहुतेक विद्यार्थी सुरुवातीलाच शिकतात. त्यात उजव्या हाताची चाल पुढे आणि डाव्याची साथ मागे राहायला हवी. दोन्ही हातांचा आवाज सारखाच निघत असेल तर शिक्षक तरी काय शिकवणार?

तेव्हा दुकानात किती ताल आणि किती आवाज आहेत हे विचारू नका, ‘टच रिस्पॉन्स’, म्हणजे दाबाप्रमाणे आवाज लहान-मोठा होण्याची सोय, आहे का ते विचारा. कॅसिओचे सीटी-एस२०० आणि सीटी-एस३०० दिसायला जुळी भावंडे; पहिल्यात ही सोय नाही, दुसऱ्यात आहे. यामाहाच्या पीएसआर-ई२७३ आणि ई३७३ चेही तेच. ६१ पट्ट्या म्हणजे पाच सप्तके, पहिल्या वर्षाला भरपूर. मोझार्टच्या काळातल्या पियानोलाही साधारण पाचच सप्तके होती.

मात्र अशा कीबोर्डची पट्टी स्प्रिंगवर चालते, तर पियानोची पट्टी हातोडी उचलते. हलक्या पट्टीवर वर्ष-दोन वर्षे काढलेला विद्यार्थी खऱ्या पियानोवर बसला की निम्मे स्वर उमटतच नाहीत. म्हणून जमत असेल तर थोडे थांबा, पैसे साठवा आणि ८८ पट्ट्यांचा, हातोडीचे वजन बोटाला जाणवणाऱ्या हॅमर अ‍ॅक्शनचा, वापरलेला डिजिटल पियानो घ्या. नवा चाळीस हजारांच्या पुढे जातो, वापरलेला पंचवीसच्या आसपास मिळू शकतो. घेताना ८८ च्या ८८ पट्ट्या एकेक करून आधी हळू, मग जोरात वाजवून पाहा. हळू दाबूनही एखादा स्वर एकदम ओरडला किंवा मुकाच राहिला, तर पट्टीखालच्या रबरी कॉन्टॅक्टवर धूळ बसली आहे किंवा तो झिजला आहे. असे एक-दोन स्वर असतील तर ते साफ करून घेता येतात. पंधरा-वीस असतील तर सौदा सोडा. अ‍ॅडाप्टर मूळचा आहे का तेही पाहा. व्होल्टेज आणि टोकाची धन-ऋण बाजू वाद्याच्या पाठीवर छापलेली असते, ती जुळलीच पाहिजे.

कुणी जुना लाकडी पियानो ‘घेऊन जा, फुकट देतो’ म्हणाले तर भुलू नका. त्याच्या तारा ज्या खुंट्यांवर ताणलेल्या असतात त्या लाकडी ठोकळ्यात घट्ट बसवलेल्या असतात. आपल्या खाडीकाठच्या हवेत ते लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि खुंट्या सैल पडतात. मग ट्यूनिंग करून घेतले तरी आठवडाभरात स्वर उतरतात. शिवाय आतले फेल्ट, म्हणजे लोकरीचे जाड कापड, दमट होऊन पट्ट्या अडकतात, आणि दोनशे किलोचे ते धूड लिफ्टमध्ये मावत नाही. ट्यूनरला दाखवल्याशिवाय होकार देऊ नये.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे उंची. पांढऱ्या पट्टीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून सुमारे ७२-७३ सेंमी असावा. आपण वाद्य ठेवतो ते ७५ सेंमीच्या अभ्यासाच्या टेबलावर, म्हणजे पट्ट्या ८५ च्या वर जातात, खांदे उचलले जातात आणि दोन महिन्यांत मनगट दुखू लागते. सुताराकडून साठेक सेंमी उंचीचे टेबल करून घ्या किंवा जुन्या टेबलाचे पाय कापा. कैचीसारख्या पायांच्या डुगडुगणाऱ्या एक्स-स्टँडपेक्षा ते केव्हाही बरे. फ्लॅटमध्ये खाली जाड रबरी मॅट हवीच. हेडफोन लावला तरी पट्ट्यांची धपधप स्लॅबमधून खालच्या घरात पोचते. हेडफोन वायरचाच घ्या, ब्लूटूथवर स्वर बोटामागून येतो.

पेटी शिकलेल्यांनी इकडे विशेष लक्ष द्यावे. पेटीचा आवाज भात्यावर असतो, त्यामुळे पट्टी दाबून धरायची सवय जडते. पियानोत पट्टी किती वेगाने खाली गेली यावर आवाज ठरतो. त्यानंतर कितीही जोर लावा, काही बदलत नाही, नुसते मनगट आखडते. बोटांचे क्रमही ठरलेले असतात (अंगठा १, करंगळी ५): सी मेजरच्या सप्तकाला उजवा हात १-२-३-१-२-३-४-५, पण एफ मेजरला १-२-३-४-१-२-३-४, कारण तिथला बी फ्लॅट, म्हणजे काळी पट्टी, चौथ्या बोटाखाली सहज येतो. आणि पाच रेघांवरच्या नोटेशनखाली पेन्सिलीने सारेगम लिहू नका. डोळे सारेगमच वाचतात, रेघा कधीच वाचत नाहीत.

पुस्तकांना पैसे लागत नाहीत. आपल्याकडे संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे चेर्नीचे ओपस (रचनाक्रमांक) ५९९, बुर्गम्युलरचे ओपस १००, शुमानचे ओपस ६८, बार्टोकचे सुरुवातीचे धडे, सारे मोकळे आहे. आयएमएसएलपी या संकेतस्थळावरून जुन्या आवृत्त्या उतरवून झेरॉक्स करा. फी परवडत नसेल तर शिक्षक पंधरवड्यातून एकदा ठेवा, पण ठेवाच. चुकीचा स्वर आपला आपल्याला ऐकू येतो, पडलेले मनगट दिसत नाही.

ज्यांना पंचवीस हजारही जड आहेत त्यांच्यासाठी ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी एखाद्या वाचनालयात किंवा अभ्यासिकेत दोन डिजिटल पियानो ठेवावेत. टेबल आणि पेडलसकट लाख-सव्वा लाखात काम होते. वाद्य टेबलाला बोल्टने पक्के करावे, हेडफोन ज्याने त्याने आणावा, अर्ध्या तासाची पाळी वहीत नोंदवावी. ट्यूनिंगचा खर्च नाही. फार तर अधूनमधून पेडल बदलावे लागेल.

– एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व