संथ नोक्टर्न म्हणजे सोपे नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पियानो शिकणारे मूल ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या परीक्षामंडळांच्या चौथ्या-पाचव्या ग्रेडपर्यंत पोचले की घरच्यांचा एक आग्रह ठरलेला असतो : आता संगीतकार शोपँचे ई फ्लॅट मेजर नोक्टर्न (रात्रीचा भाव असलेली पियानोरचना), म्हणजे ओपस (रचनासंच) ९ क्रमांक २, बसवून द्या. चाल कानावरची, लय संथ, सगळे मिळून ३४ बार (तालाची मापे). मग अवघड ते काय? निवड चुकते ती इथेच.

या रचनेचा सगळा भार डाव्या हातावर आहे. १२/८ तालाच्या (बारमध्ये चार ठोके, प्रत्येकाचे तीन भाग) प्रत्येक ठोक्याला खाली बेसचा, म्हणजे खालच्या पट्टीतला, एक स्वर, मग वर उडी घेऊन दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर). बारमध्ये अशा चार उड्या. उडीच्या घाईत बोट बेसवरून लवकर उठते, पेडल (स्वर लांबवणारी पायपट्टी) मागाहून पडते आणि तेवढ्यात बेस विरून जातो. वरचे कॉर्ड मग कोरडे, अधांतरी ऐकू येतात. पाय उचलायलाच उशीर झाला तर मागची हार्मनी (स्वरमेळ) पुढच्यात मिसळून नुसता गलका होतो. बेस वाजतो त्या क्षणी पाय वर, आणि बोट पट्टीवर असतानाच पाय पुन्हा खाली, हे अंगवळणी पडायला हवे. त्यासाठी आधी फक्त बेस आणि पेडल वाजवावे, कॉर्ड नकोतच. ते स्वच्छ झाले की कॉर्ड मिसळावेत, मेलडीपेक्षा बऱ्याच हलक्या हाताने. डावा हात एकटा, पेडलसकट, आठ बार न अडखळता वाजला तर रचना हाती घ्यायला हरकत नाही. नाही वाजला तर सहा महिने थांबावे. उजव्या हाताची सफाई पाहून हा निर्णय घेऊ नये.

दुसरी कसोटी म्हणजे रचनेतले सगळ्यांत अवघड चार बार. पहिले पान पाहून अंदाज बांधू नका. शोपँच्या पश्चात छापलेले सी शार्प मायनर नोक्टर्न (रचना १८३० ची) बरेचसे आटोक्यातले आहे. पण अखेरीस १८, ३५, ११ आणि १३ स्वरांच्या ताना येतात, प्रत्येक डाव्या हाताच्या चार स्वरांवर. मुले ३५ स्वर कसेबसे कोंबतात, डावा हात त्यांच्यासाठी थांबतो आणि लय मोडते. सुरुवातीला ९, ९, ९, ८ अशी वाटणी पेन्सिलीने करावी, बोटांचे क्रमांक पक्के करावेत, डावा हात मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) ठेवावा. हात बसल्यावर मात्र हे सांधे ऐकू येता कामा नयेत. शोपँ शिष्यांना गायक ऐकायला सांगत असे. तान एका श्वासात कशी सुटते हे तिथेच कळते.

१८४१ च्या सी मायनर नोक्टर्नचे (ओपस ४८ क्रमांक १) पहिले पान तर विरळच दिसते. पुढे मोठाले आर्पेजिओ (एकामागून एक स्वर सोडत वाजवायचे) कॉर्ड, मग ऑक्टेव्हचे (सप्तकाच्या अंतरावरच्या जोडस्वरांचे) झंझावाती त्रिक, म्हणजे तीन-तीनचे गट. शेवटी मूळची चाल दुप्पट वेगाने परतते, खाली अखंड कॉर्ड, आणि सुरुवात पियानिसिमोत, म्हणजे अगदी हळू आवाजात. करंगळीची चाल वर राखून त्याच हाताची बाकीची बोटे दबकी ठेवणे, हे आठवी ग्रेड झालेल्यांनाही जड जाते. लहान हातांना ही रचना देऊच नये. ताणून वाजवल्याने मनगट दुखावते.

सुरुवात करायचीच तर जॉन फील्डच्या बी फ्लॅट मेजर (क्रमांक ५) पासून करावी. नोक्टर्न हा प्रकार मुळात त्याचाच. त्यानंतर शोपँची जी मायनरमधली दोन, ओपस १५ क्रमांक ३ आणि ओपस ३७ क्रमांक १. मग ओपस ५५ क्रमांक १. ओपस ९ क्रमांक २ त्याच्याही पुढे. ओपस ३७ चे दुसरे नोक्टर्न मात्र पहिल्याचे भावंड समजून घेऊ नका. त्यात उजव्या हाताला तिसऱ्या-सहाव्या अंतराचे जोडस्वर सतत वाजवावे लागतात.

आणखी एक. ६१ पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर यातले काहीही बसणार नाही. तिथे पट्टीला वजन नसते आणि पेडल फक्त चालू किंवा बंद होते, अर्धे दाबता येत नाही. निदान ८८ वजनदार पट्ट्यांचा आणि अर्धे पेडल ओळखणारा डिजिटल पियानो घरी असेल तरच शिक्षकांकडे नोक्टर्नचा विषय काढावा.

– एक पियानोशिक्षक, पुणे