चटणी तेवढी उकळू नका

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या शनिवारच्या पुरवणीत ‘मुंबई सँडविच पास्ता’ची पाककृती छापून आली. वर ठळक अक्षरांत ‘फक्त २० मिनिटांत, एकाच भांड्यात’ असं लिहिलेलं. मी ती सोमवारी रात्री केली. भांडं खरंच एक लागलं. मात्र ते मंगळवारी दुपारपर्यंत भिजत पडलं होतं, कारण तळाला दूध लागून त्याचा पापुद्रा झाला होता.

कृती अशी होती: पास्ता, दूध, हिरवी चटणी आणि एका लिंबाचा रस एकत्र करून दहा मिनिटं उकळायचं, शेवटी वाटीभर क्रीम घालायचं. उकळत्या दुधात लिंबू पिळल्यावर काय होतं हे घरी पनीर करणाऱ्या कोणालाही विचारा. माझ्या पातेल्यात तेच झालं. दूध फाटलं, चटणीचा रंग साठलेल्या पाण्यावरच्या शेवाळासारखा झाला आणि वरून घातलेल्या क्रीमने कण्या झाकल्या जाण्याऐवजी आणखी उठून दिसायला लागल्या. पाककृती लिहिणाऱ्यांनी ती करून पाहिली होती का, एवढंच मला विचारायचं आहे.

पत्र लिहिण्याचं कारण मात्र तक्रार हे नाही. कल्पना उत्तम आहे आणि आमच्या घरी ती दोन वर्षांपासून चालू आहे. म्हणूनच ती अशी वाया गेलेली पाहवली नाही.

मी निवृत्त आहे. पत्नी अजून नोकरी करते, तिला डोंबिवलीला उतरून घरी यायला आठ वाजतात, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. घरात चौऱ्याऐंशी वर्षांची आई आहे. एके काळी महिन्या-दोन महिन्यांनी गिरगावात बहिणीकडे जायची आणि परतीची गाडी पकडण्याआधी बोरीबंदरला (ती अजून बोरीबंदरच म्हणते) टोस्ट सँडविच खायची. घरी आल्यावर जेवण जायचं नाही आणि कारण सांगायची नाही. कवळी बसवल्यापासून टोस्टची कड हिरडीला टोचते. न भाजलेला ब्रेड दिला तर टाळूला चिकटतो. मऊ असेल, गिळता येईल आणि तरी सँडविचचीच चव लागेल असं काय करावं, या अडचणीतून आमचा पास्ता आला. फ्यूजन वगैरे शब्द आईला माहीत नाहीत. पास्त्याला ती ‘नळ्या’ म्हणते.

आता सँडविचची चव नक्की कशात असते? पुरवणीतल्या लेखिकेला ती चीजमध्ये वाटली असावी. माझ्या मते चीज नंतर आलं आणि पाहुणा आहे. मूळ चव हिरव्या चटणीत आणि मसाल्यात आहे. गाडीवरचा माणूस आधी लोणी कडेपर्यंत लावतो, मगच चटणी, कारण लोण्याचा थर नसेल तर चटणीचं पाणी ब्रेडमध्ये मुरून तो लिबलिबीत होतो. मग बटाटा, काकडी, टोमॅटो, बीट, कांदा, आणि प्रत्येक थरावर चिमूटभर मसाला. जिरं, पादेलोण, आमचूर, मिरं, थोडी बडीशेप, दालचिनीचा वास. हा मसाला एकदम वरून घालून चालत नाही, बटाट्यावर पडलेला आणि टोमॅटोवर पडलेला वेगळा लागतो. आणि चटणी कच्ची असते. टोस्टरमध्ये ती गरम होते, शिजत नाही.

इथेच पुरवणीची कृती चुकली. कोथिंबीर-पुदिन्याचा हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो. आंबट आणि उष्णता एकत्र आली की त्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि रंग मळका, शेवाळी होतो. गंमत म्हणजे ज्यांच्याकडून आपण पास्ता घेतला ते इटालियन लोकही हीच काळजी घेतात. जिनोआचा पेस्टो म्हणजे तुळशीच्या जातीच्या बेझिलची, लसूण-चिलगोजे-चीज घालून खलबत्त्यात वाटलेली चटणीच. ती ते गॅसवर शिजवत नाहीत. पास्ता उकळलेलं थोडं पाणी घालून सैल करतात आणि गरम पास्त्यात कालवतात. त्याच जिनोआत पेस्टोच्या पास्त्यात बटाटा आणि घेवड्याच्या जातीच्या हिरव्या शेंगा घालायची जुनी रीत आहे, आणि तेही त्याच पाण्यात उकळून. त्यामुळे ‘पिठाच्या पदार्थात परत बटाटा?’ असं नाक मुरडणाऱ्यांनी ते जिनोआला जाऊन मुरडावं. वडापाव खाणाऱ्यांनी तर मुळीच मुरडू नये.

चौघांसाठी मी असं करतो. तीन लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून ते खळखळून उकळतो. त्यात तीनशे ग्रॅम पेने (नळीच्या आकाराचा पास्ता) आणि दोन मध्यम बटाट्यांच्या बोराएवढ्या फोडी एकदमच सोडतो. पाकिटावर दहा-बारा मिनिटं लिहिलेली असतात, तेवढ्यात बटाटाही होतो. ‘अल देन्ते’ शिजवा असा आग्रह आपल्या पुरवणीत होता. त्याचा अर्थ दाताला लागेल असा. आमच्याकडे मुख्य खाणाऱ्याला दातच नाहीत, म्हणून मी तीन मिनिटं जास्त ठेवतो आणि मुलीची कुरकुर ऐकून घेतो. चाळणीत ओतण्याआधी दोन वाट्या पाणी बाजूला काढायचं हे विसरू नये. मी दोनदा विसरलोय. त्या पाण्यात स्टार्च उतरलेला असतो. सॉस पास्त्याला धरून राहतो तो त्याच्या जोरावर, साधं पाणी घातलं तर नुसता पातळ होतो.

दुसऱ्या शेगडीवर दोन चमचे लोण्यावर एक कांदा आणि एक ढोबळी मिरची नुसती परतायची, मऊ करायची नाही. त्यावर दोन चमचे मैदा, कच्चा वास जाईपर्यंत. मग अर्धा लिटर दूध थोडं थोडं घालत ढवळायचं. पुरवणीतलं क्रीम इथे लागत नाही. मैद्याने आलेला दाटपणा पुरतो आणि वाटीभर क्रीमने चटणीचा तिखटपणा पार झोपतो. सोमवारचा घास घेऊन आईने विचारलं होतं, “आज दूधभात का रे?”

चीजचंही सांगतो. पुरवणीत पार्मेझान लिहिलं होतं. ते महाग, आणि या चवीत ते परकं वाटतं. आपलं नेहमीचं क्यूबमधलं चीज इथे जास्त बरं वागतं, आणि त्याला कारण आहे. १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या थून गावात गेर्बर आणि स्टेटलर या दोघांनी सोडियम सायट्रेट हा क्षार वापरून चीज असं वितळवलं की त्यातली चरबी वेगळी होईना. प्रोसेस्ड चीजची ती सुरुवात. आजही पाकिटावर बारीक अक्षरांत इमल्सिफायर, म्हणजे चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा असाच क्षार, लिहिलेला दिसेल. त्यामुळे ते सॉसमध्ये एकजीव होतं, तूप सुटत नाही. तीन क्यूब किसून घालतो आणि मीठ अजिबात घालत नाही, कारण लोणी खारट, चीज खारट, मसाल्यात पादेलोण.

मग पास्ता-बटाटा सॉसमध्ये घालून, राखलेलं पाणी लागेल तसं घालून मिनिटभर हलवायचं, मसाल्याची पहिली चिमूट टाकायची आणि गॅस बंद करायचा. दोन मिनिटं थांबायचं. नंतरच अर्धी वाटी चटणी कालवायची. चटणी म्हणजे कोथिंबिरीची अर्धी जुडी, त्याच्या निम्म्याहून कमी पुदिना, तीन मिरच्या, जिरं, लिंबू आणि पाणी सुटू नये म्हणून दोन चमचे पंढरपुरी डाळं, हे सगळं बर्फाच्या पाण्यात वाटलेलं. रंग कोवळ्या गवतासारखा येतो आणि दूध जागेवर राहतं.

बीट कधीही आत घालू नये. एकदा घातलं होतं, सगळा पास्ता मंगल कार्यालयातल्या पडद्यासारखा गुलाबी झाला. उकडलेल्या बिटाच्या पातळ चकत्या, बिया काढलेला टोमॅटो, काकडीचे तुकडे (आईसाठी किसून, पिळून) हे ताटलीत वर, आणि त्यावर पुन्हा मसाला. ब्रेडचं काय, असं मुलीने विचारलं तेव्हा मला उत्तर नव्हतं. आता पुड्यातल्या दोन्ही टोकांचे स्लाइस, जे आमच्याकडे कोणी खात नाही, मिक्सरमधून काढून लोण्यावर खरपूस भाजतो आणि वर पेरतो. इटलीच्या सिसिली बेटावर चीज परवडत नसे तेव्हा पास्त्यावर असाच भाजलेला चुरा घालत, आणि अजून घालतात. आईच्या ताटलीत चुरा नसतो. तिच्या ताटलीत शेव असते, ती सॉसमध्ये भिजेपर्यंत ती थांबते.

राहता राहिली २० मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं. आमच्या गॅसवर तीन लिटर पाणी उकळायलाच बारा मिनिटं लागतात. कोथिंबीर निवडायला दहा, तीही जुडी चांगली असेल तर. बीट कुकरला वेगळं. पहिल्यापासून सगळं केलं तर पाऊण तास कुठे गेला नाही. रविवारी चटणी वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवली आणि बीट सकाळच्या वरणाबरोबर उकडून घेतलं, तर अर्ध्या तासात होतं, आणि कामाच्या दिवशी एवढं पुरेसं आहे. आपल्या पुरवणीत मिनिटं लिहिताना ती कोथिंबीर निवडण्यापासून धरलीत तर बरं होईल. साडेसात वाजता ओट्यापाशी उभं राहून ‘फक्त २० मिनिटांत’ वाचणाऱ्या माणसाला आठ वाजता आपणच मंद आहोत असं वाटायला लागतं. ही पाककृती दुरुस्त करून पुन्हा छापणार असाल तर वरची मापं खुशाल वापरा.

आईची एक तक्रार शिल्लक आहे. सँडविच गाडीवर कागदावर मिळायचं, तसं हे मिळत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ देऊ नका, शाई अन्नात उतरते, असं एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२३ मध्येही बजावलं आहे, हे मी तिला वाचून दाखवलं. तेही आपल्याच अंकातून. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग ताटलीखाली तरी घाल.” तेव्हापासून पास्त्याच्या दिवशी तिच्या ताटलीखाली आपला अंक असतो. शनिवारची पुरवणीही तिथेच गेली.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)