दारू सोडायची तर जायचं कुठं?

संपादक साहेब,

पगार झाला की एमआयडीसीकडच्या गुत्त्यावर गर्दी, आणि घरचे लोक मात्र माळ घालायला नाहीतर जाहिरातीतली पावडर गुपचूप भाजीत मिसळायला धावतात, ह्याचा लई राग येतो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो, म्हणून आधी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत न्या. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, पण तिथं राहून उपचार घ्यायचे तर लूमवरच्या माणसाला एवढे खाडे परवडतात होय? अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडायला एकमेकांना धरून राहणाऱ्यांचा गट, त्याच्या मीटिंगला फी नसते, घरच्यांसाठी अल-अनॉन हा गट वेगळा. राशीभविष्याशेजारी चौकोन करून हे रोज छापा की.

एक वाचक, सोलापूर