किंग्स्टनचा डॉक्टर

नाशुआ, न्यू हॅम्पशायर

ती. बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

आईचा गुडघा कसा आहे? गोळ्या ती घेते की डबीत नुसत्या मोजून ठेवते, ते तुम्हीच कळवा. तिला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं.

रविवारी आम्ही किंग्स्टनला जाऊन आलो. इथून जवळच आहे, लहानसं गाव. तिथे जोसाया बार्टलेट नावाच्या डॉक्टरचं घर आहे. घर बाहेरूनच पाहिलं, पण तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही आणि तुमच्याशिवाय त्याच्याबद्दल कुणाशी बोलावं ते कळेना.

जन्म १७२९ चा, शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या एम्सबरीचा. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. सोळाव्या वर्षी गावातल्या डॉक्टरच्या हाताखाली राहिला, एकविसाव्या वर्षी किंग्स्टनला येऊन दवाखाना थाटला. याच किंग्स्टनमध्ये १७३५ मध्ये घशाची साथ सुरू झाली होती, बहुतेक तुमचा घटसर्पच. पहिल्या चाळीस रोग्यांतला एकही वाचला नाही. न्यू हॅम्पशायरभर हजाराच्या आसपास माणसं गेली, त्यांतली नऊशेहून जास्त विशीच्या आतली. पुढे १७५४ मध्ये साथ पुन्हा आली, तेव्हा तिथे बार्टलेट होता. तेव्हाचे वैद्य रक्त काढायचे, जुलाब द्यायचे. यानं सिंकोनाची साल देऊन पाहिली आणि रोगी वाचले, असं सांगतात. तो स्वतः तापानं फणफणला होता तेव्हाची गोष्टही ऐकली. डॉक्टरांनी पाणीसुद्धा बंद केलेलं, खोली गच्च बंद. यानं रात्री उशाशी बसलेल्यांकडून सफरचंदाची साइडर मागून घेतली, थोडी थोडी पीत राहिला, सकाळी घाम येऊन ताप उतरला. तुम्ही नेहमी म्हणता ना, रोग्याला आधी पाणी द्या!

बाकीचं सगळं लोकांनीच त्याच्या गळ्यात घातलं असं वाटतं. आधी गावचा जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे किरकोळ तंटे मिटवणारा न्यायाधीश, मग मिलिशियाचा कर्नल. (मिलिशिया म्हणजे पगारी फौज नव्हे. शेतकरी, सुतार, लोहार, सगळे ठरावीक दिवशी बंदुका घेऊन कवायतीला जमायचे.) तेव्हा इथे इंग्लंडच्या राजाचं राज्य. राजाच्या करांविरुद्ध बोलू लागला तशी राजाचा गव्हर्नर वेंटवर्थ यानं दोन्ही पदं काढून घेतली. त्याआधी १७७४ मध्ये घर जळालं. राजनिष्ठांनी लावलं अशी कुजबुज होती, सिद्ध काहीच झालं नाही. फिलाडेल्फियाच्या पहिल्या काँग्रेसला (म्हणजे अमेरिकेतल्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला) त्यामुळे त्याला जाता आलं नाही. घर पुन्हा बांधलं आणि पुढच्या वर्षी गेला.

तिथे त्यानं देवी टोचून घेतल्या. जेन्नरनं गोवर देवीची लस शोधायच्या आधीची पद्धत, खऱ्या देवीचीच लस, म्हणजे केवढा धोका. २ जुलै १७७६ ला स्वातंत्र्याचं मतदान उत्तरेकडच्या वसाहतीपासून सुरू झालं, म्हणून पहिलं मत याचं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर काँग्रेसचा अध्यक्ष हॅनकॉक याच्या खालोखाल सही त्याचीच. दुसऱ्या वर्षी इंग्रजांशी झालेल्या बेनिंग्टनच्या लढाईच्या वेळी औषधं घेऊन सैन्याकडे गेला.

मला मात्र त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोचं, मेरीचं कौतुक वाटतं. बारा मुलं झाली, आठ जगली. नवरा फिलाडेल्फियात, शेतं, गुरं, गडी सगळं हिच्या अंगावर. तिची पत्रं उरली आहेत, त्यांत पीकपाणी, पोरांची दुखणी आणि लढाईची धास्ती. स्वातंत्र्याच्या इतिहासात तिला एक ओळ मिळते. तुम्ही रात्री-बेरात्री व्हिजिटला निघायचात, तेव्हा दार उघडायला आईच असायची, नाही का?

१७७९ मध्ये तो न्यायाधीश झाला, १७८२ पासून वरच्या कोर्टात आणि पुढे मुख्य न्यायाधीशही. कायद्याचं शिक्षण शून्य! तेव्हा इथे हे चालायचं, वकील नसलेले बरेच न्यायाधीश होते. शेवटी राज्याचा गव्हर्नर. पण १७९१ मध्ये न्यू हॅम्पशायर मेडिकल सोसायटी निघाली तेव्हा पहिला अध्यक्ष तोच झाला आणि तीन मुलगेही डॉक्टर निघाले. मला वाटतं, कर्नल, जज्ज, गव्हर्नर असं काहीही म्हटलं तरी हा माणूस मुळात डॉक्टरच राहिला. सदाकाका तुम्हाला सरपंचकीला उभं करायला बघत होते, ते आठवलं. तुम्ही 'दवाखाना कोण बघणार?' म्हणून टाळलंत.

एक विचारायचं होतं. सिंकोनाच्या सालीनं मलेरिया उतरतो हे ठाऊक आहे, पण घटसर्पात तिचा काय उपयोग झाला असेल? नुसता ताप उतरला असेल, की रक्त न काढल्यामुळेच रोगी वाचले? तुमचं मत सविस्तर लिहा, फोनवर नको. फोनवर तुम्ही दोन वाक्यांत आटपता.

आईला नमस्कार, चिन्मयला आशीर्वाद.

तुमची,
मनू