वेल्डिंगचे कपडे: उन्हाळ्यातली जीवघेणी तडजोड

महोदय,

मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी औद्योगिक वसाहतींच्या शेडमध्ये वेल्डर सर्रास टी-शर्टवर काम करताना दिसतात. उकाडा खरा आहे. पण टी-शर्ट बहुधा पॉलिस्टरचा असतो आणि ठिणगी पडली की तो वितळून कातडीला चिकटतो. जाड सुती कापड जळते, वितळत नाही. म्हणून घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घ्यावा, गळ्यापर्यंत बटणे लावावीत. उघड्या गळ्याला आर्कचे, म्हणजे रॉड आणि धातूमधल्या विजेच्या प्रखर झोताचे, अतिनील किरण भाजतात. पॅन्टचा पायचा दुमडू नये, तो बुटाच्या बाहेरून खाली सोडावा. दुमडीत ठिणगी अडकून धुमसत राहते. खिशात लायटर तर नकोच.

हातमोजे क्रोम लेदरचे (क्रोमियम क्षारांनी कमावलेल्या चामड्याचे), मनगटाच्या वर पोचणारे असावेत. घामाने चिंब झालेला मोजा विजेला नीट अडवत नाही, रॉड बदलतानाच झटका बसतो. उन्हाळ्यात म्हणूनच दोन जोड्या हव्यात. ओला मोजा सावलीत वाळवावा; उन्हात किंवा गरम जॉबवर (वेल्डिंग केलेल्या तुकड्यावर) ठेवला की चामडे आकसून कडक होते, बोटे वळत नाहीत. तापलेला जॉब मोज्याने उचलू नये, त्यासाठी सांडशी आहे.

ग्रीस लागलेला शर्ट धुतल्याशिवाय घालू नये. अग्निरोधक कापडाला ब्लीच व सॉफ्टनर वर्ज्य.

ठेकेदारांनी हा खर्च मजुराच्या माथी मारू नये, ही कळकळीची विनंती.

— एक फॅब्रिकेटर, वाडी, नागपूर