पेपरात आलंय ना, मग?

संपादक महोदय, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत पोटातल्या जीवाणूंवर जो लेख आलाय तो मला एकाच दिवसात चार जणांनी व्हॉट्सॲपवर पाठवला, कारण मला नऊ वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार) आहे आणि सगळ्यांना वाटतंय की आता हिचा इलाज सापडला. मधुमेह, संधिवात, डिप्रेशन, लठ्ठपणा, सगळंच आतड्यातून बरं होतं असा एकूण सूर होता. अहो, असं नसतं.

विषय खोटा नाहीये हे आधी सांगते. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू आहे, अँटिबायोटिकने आतड्यातले नेहमीचे जीवाणू मेले की त्याला रान मोकळं मिळतं, जुलाब लागतात, औषधाने थांबतात आणि औषध संपलं की परत सुरू. २०१३ ला नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी अशा पेशंटच्या आतड्यात निरोगी माणसाची विष्ठा पातळ करून नळीने सोडली (हो, विष्ठाच, नाक मुरडू नका), १६ पैकी १३ जण पहिल्याच वेळेला बरे झाले, नुसतं व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलेले १३ पैकी ४च. फरक एवढा होता की ट्रायल मध्येच थांबवली. २०२३ मध्ये अमेरिकेत विष्ठेतल्या जीवाणूंच्या कॅप्सूललाही मान्यता मिळाली, पण ती या एकाच आजारासाठी, तो परत उलटू नये म्हणून. कोलायटिसवर ट्रायल झाल्यात, काहींना फायदा झाला काहींना नाही, रोजच्या उपचारात ते अजून आलेलं नाही. आणि लठ्ठपणाचं म्हणाल तर जाड माणसाचे जीवाणू घातले की उंदीर जाड होतो हे खरंय, पण बारीक माणसाचे जीवाणू जाड माणसांना देऊन बघितले तर वजन काही उतरलं नाही.

शिवाय आजाऱ्याचे जीवाणू वेगळे दिसले म्हणजे त्यांनीच आजार केला असं कसं म्हणता येईल? मधुमेहाची मेटफॉर्मिन घेतली तरी जीवाणू बदलतात.

माझंच सांगते. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीकडून स्टूल टेस्टचं किट मागवलं, लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांचा भला मोठा रिपोर्ट आला, फोनवरची बाई म्हणाली तुमचे चांगले जीवाणू कमी आहेत, आमच्या कॅप्सूल घ्या, मग गोळ्यांची गरजच उरणार नाही. मी मूर्खासारखी कोलायटिसची गोळी, मेसालाझिन, बंद केली. सातव्या आठवड्यात परत रक्त पडायला लागलं. डॉक्टरांनी रिपोर्टची दोन पानं उलटली आणि म्हणाले, चार दिवस वेगळं खाऊन परत पाठवा, आकडे बदललेले दिसतील.

लेखात कुठला प्रयोग उंदरांवरचा, कुठला माणसांवरचा, किती जणांवरचा, एवढं तरी लिहायला हवं होतं. गोळ्या बंद करू नका ही एक ओळसुद्धा नाही. काल मावशीचा फोन आला, आता त्या गोळ्या सोड म्हणाली, मी किटचं सगळं रामायण परत ऐकवलं, तर म्हणते, अगं पण हे पेपरात छापून आलंय.

– एक वाचक